कोडने चेकबॉक्सवर टिक केली की त्याचा इव्हेंट उडतो, तो उडू न देता टिक कशी करायची?

कपाशीवाला_पाचोरा
राम राम मंडळी. एका जिनिंगच्या कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सध्या मी सांभाळी राहिलो, सी शार्प विनफॉर्म्समधलं (विंडोजचे फॉर्म बनवायचं टूलकिट) आहे, आधीच्या माणसाने लिहून ठेवलेलं. पावतीच्या फॉर्मवर भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, भाव, हमाली, तोलाई असं सगळं आहे आणि एक चेकबॉक्स आहे "ओलावा कपात". ८ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की मुनीम तिथे टिक करतो, मग चेक्डचेंज्ड इव्हेंटमधला (टिक बदलली की आपोआप चालणारा) कोड कपात काढतो, रक्कम परत मोजतो आणि लगेच डेटाबेसमध्ये सेव्ह करतो.

अडचण अशी की जुनी पावती नुसती बघायला उघडली तरी डेटाबेसमधली टिक फॉर्मवर लावताना तोच इव्हेंट उडतो आणि त्या वेळी भावाच्या खोक्यात आजचा भाव भरलेला असतो, मग जुन्या पावतीची रक्कम आजच्या भावाने मोजून सेव्ह होऊन जाते. मागच्या महिन्याची पावती घेऊन एक शेतकरी आला, त्याच्या हातातल्या कागदावर एक रक्कम आणि आमच्या स्क्रीनवर दुसरी. माणसाच्या वर्षभराच्या पिकाचा पैसा आहे, हे असं चालणार नाही. बरं सगळ्याच पावत्यांचं होत नाही, काहींचंच होतं, त्यामुळे धरायचं कुठून तेच कळेना. टिक लागली पाहिजे पण इव्हेंट उडला नाही पाहिजे, असं काही करता येतं का?

भुसावळ_जंक्शन
भाऊ, काहींचंच का होतं त्याचं उत्तर आधी घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. चेक्डचेंज्ड हा "माणसाने टिक केली" असं सांगणारा इव्हेंट नाहीच, तो "चेक्डची किंमत बदलली" एवढंच सांगतो, बदलणारा माउस आहे का कोड आहे हे तो बघत नाही. आणि किंमत खरोखर बदलली तरच उडतो. फॉर्म उघडताना चेकबॉक्स रिकामा असतो, मग ज्या पावतीत कपात नव्हती तिथे खोट्यावर खोटंच बसलं, बदल नाही, इव्हेंट नाही, पावती वाचली. ज्यात कपात होती तिथे खोट्याचं खरं झालं आणि इव्हेंट उडाला. म्हणजे तुझ्या बिघडलेल्या बहुतेक पावत्या कपातवाल्याच निघतील बघ. आणि एकाच फॉर्मवर लागोपाठ पावत्या बघत असाल तर कपातवालीनंतर बिनकपातीची उघडली तरी उडेल, कारण तेव्हा खऱ्याचं खोटं होतं.

कपाशीवाला_पाचोरा
आता तपासलं, बरोबर तेच निघालं भो. पुढचं-मागचं बटण दाबून लागोपाठ बघितलेल्या काही बिनकपातीच्या पण बिघडलेल्या आहेत.

शिरपूरचा_अण्णा
सगळ्यात सरळ उपाय फ्लॅगचा. फॉर्मच्या क्लासमध्ये "भरणंचालू" नावाचं एक बूल (फक्त खरं-खोटं) व्हेरिएबल ठेव, पावती भरायला लागलास की खरं कर, भरून झाली की खोटं कर, आणि इव्हेंटच्या पहिल्याच ओळीत बघ, फ्लॅग खरा असेल तर तिथूनच परत फिर. इव्हेंट उडतो तो उडू दे, त्याने काही करायचं नाही एवढंच. फक्त खोटं करणारी ओळ ट्राय-फायनलीच्या फायनलीमध्येच टाक, तो भाग एरर आली तरी चालतो. पावती भरताना मध्येच एरर आली, समजा तारखेच्या जागी नल आला, आणि फ्लॅग खराच राहून गेला, तर पुढे मुनीम खरोखर टिक करेल आणि काहीच होणार नाही, आणि हे कोणाच्या लक्षात पण येणार नाही. चुकीची रक्कम निदान डोळ्याला दिसते, न झालेली कपात दिसत नाही.

तापीकाठ
मी फ्लॅग वापरत नाही. हँडलरच (इव्हेंटला जोडलेली मेथड) काढायचा, वजा-बरोबर (-=) करून, टिक लावायची, मग अधिक-बरोबर करून परत जोडायचा. इव्हेंट कोडपर्यंत येतच नाही, काम स्वच्छ.

शिरपूरचा_अण्णा
@तापीकाठ दादा, एका चेकबॉक्सला ठीक आहे. पण फॉर्मवर १५-२० कंट्रोल असले की प्रत्येकाचे काढा, प्रत्येकाचे जोडा, एक जोडायचा राहिला की गेलं. आणि चुकून दोनदा जोडला तर एका क्लिकला तोच कोड दोनदा चालतो, हमाली दोनदा कापली जाते. लॅम्डा (जागेवरच लिहिलेली बिननावाची मेथड) लिहून जोडलेला असेल तर वजा-बरोबरने तो निघतच नाही, कारण दुसऱ्यांदा लिहिलेला लॅम्डा म्हणजे दुसराच डेलिगेट (मेथडचा संदर्भ), आणि एररही येत नाही.

तापीकाठ
लॅम्डाचं मान्य, नाव असलेल्या मेथडलाच ते चालतं. पण तुमच्या फ्लॅगची पण एक गोष्ट सांगतो. पावतीभर नावाच्या मेथडने फ्लॅग खरा केला, तिने आतून शेतकरीभर मेथड बोलावली, तिने पण शहाण्यासारखा फ्लॅग खरा केला आणि शेवटी खोटा केला. आता पावतीभर अजून अर्धी बाकी आहे आणि फ्लॅग खोटा झालेला आहे. उरलेल्या सगळ्या कंट्रोलचे इव्हेंट मोकळे सुटले. दोन मेथड वेगवेगळ्या माणसांनी लिहिल्या असल्या की हे नक्की होतं.

भुसावळ_जंक्शन
म्हणून बूल नको, आकडा ठेवायचा. आत शिरताना एक वाढव, बाहेर पडताना फायनलीमध्ये एक कमी कर, आणि इव्हेंटमध्ये बघायचं की आकडा शून्यापेक्षा मोठा आहे का. कितीही मेथड एकात एक असू दे, सगळ्यात बाहेरची संपेपर्यंत आकडा शून्य होत नाही. अजून नीट पाहिजे तर आयडिस्पोझेबल इम्प्लिमेंट केलेला छोटा क्लास लिही आणि युझिंग ब्लॉकमध्ये वापर, ब्लॉक संपला की आकडा आपोआप कमी होईल, मग कमी करायचं विसरायची भीतीच नाही. क्यूटी (सी प्लस प्लसचं टूलकिट) वापरणाऱ्यांकडे हे तयारच मिळतं, क्यूसिग्नलब्लॉकर, ५.३ पासून आहे, ब्लॉक संपला की सिग्नल (त्यांच्याकडचे इव्हेंट) आपोआप आधीच्या अवस्थेत परत येतात. फक्त तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की ब्लॉकसिग्नल्स त्या ऑब्जेक्टचे सगळेच सिग्नल बंद करतं, तुमच्या नको असलेल्या सिग्नलसोबत दुसऱ्या कोणाला हवा असलेला पण अडकतो.

कपाशीवाला_पाचोरा
आकड्याची पद्धत लावली, चेकबॉक्स शांत झाला. पण गावाचा कॉम्बोबॉक्स आहे त्याचं वेगळंच चाललंय. गावांची यादी डेटासोर्सला दिली की सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड लगेच उडतो, आणि त्यात सिलेक्टेडव्हॅल्यू वाचली तर गावाचा नंबर न येता डेटारोव्ह्यू असं काहीतरी येतं आणि कन्व्हर्ट करताना एरर. पावती अजून भरायला पण घेतलेली नाही, फॉर्म नुसता उघडी राहिला.

तापीकाठ
डेटासोर्स दिला की कॉम्बो आपसूक पहिली ओळ निवडतो म्हणून इव्हेंट उडतो. आणि व्हॅल्यूमेंबर अजून सांगितलेला नसला की सिलेक्टेडव्हॅल्यू म्हणून अख्खी ओळच हातात देतो. डिस्प्लेमेंबर आणि व्हॅल्यूमेंबरच्या ओळी डेटासोर्सच्या वर घे, एरर जाईल. इव्हेंट तरी उडेलच, तो यादी भरणारा कोड पण त्याच आकड्याच्या आत घे.

केळीबाग_रावेर
आणि कॉम्बोबॉक्सला एक वेगळाच इव्हेंट आहे तो बघ ना भाऊ, सिलेक्शनचेंजकमिटेड. तो माणसाने निवडलं तरच उडतो, कोडने सिलेक्टेडइंडेक्स बदलला तर गप्प बसतो. तसंच चेकबॉक्सला चेक्डचेंज्डच्या जागी क्लिक घेता येतो, माउसने नाहीतर स्पेसबारने टिक केली की उडतो आणि तोपर्यंत चेक्डची नवी किंमत आलेली असते, कोडने टिक केली तर क्लिक उडत नाही. मग फ्लॅग पण नको आणि वजा-बरोबर पण नको. ट्रीव्ह्यूमध्ये आफ्टरचेकला ॲक्शन मिळते, कोडने टिक केली असेल तर ती अननोन येते.

शिरपूरचा_अण्णा
हे चांगलं आहे, पण सिलेक्शनचेंजकमिटेडवर डोळे झाकून भरवसा ठेवू नको. कॉम्बो कसा सेट केलाय आणि माणूस कशा पद्धतीने निवडतो त्यावर तो कधी उडत पण नाही, हे मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे आणि त्यासाठी ड्रॉपडाऊनक्लोज्ड सुचवलेला आहे. मुनीम लोक माउसला हात लावत नाहीत, गावाची दोन अक्षरं टाइप करून टॅब मारतात, म्हणून तसं टाइप करून तपासूनच घे. आणि न्यूमेरिकअपडाऊनला असा फक्त माणसाचा इव्हेंट नाहीच, तिथे व्हॅल्यूचेंज्ड आणि फ्लॅग एवढंच हातात आहे. टेक्स्टबॉक्सला मॉडिफाइड प्रॉपर्टी आहे, कोडने टेक्स्ट भरलं की ती खोटी होते आणि माणसाने टाइप केलं की खरी, म्हणून टेक्स्टचेंज्डमध्ये काही न करता खोक्यातून बाहेर पडताना ती बघायची.

धुळे_वेबवाली
मी ब्राउझरचं काम करते, आमच्याकडे हे बरोबर उलटं आहे म्हणून लिहिते. जावास्क्रिप्टमधून चेकबॉक्सची चेक्ड किंमत बदलली किंवा इनपुटची व्हॅल्यू बदलली तर चेंज पण उडत नाही आणि इनपुट पण नाही. तिथे लोकांचा प्रश्न असतो की इव्हेंट उडवायचा कसा. पण कोडने क्लिक मेथड बोलावली तर मात्र माणसाने क्लिक केल्यासारखं सगळं होतं, क्लिक, इनपुट, चेंज तिन्ही. फॉर्मचं पण तसंच, कोडमधून सबमिट बोलावलं तर सबमिट इव्हेंट उडत नाही आणि व्हॅलिडेशनपण होत नाही, रिक्वेस्टसबमिट बोलावलं तर दोन्ही होतं.

म्हणजे वेबवर नको असलेला इव्हेंट उडत असेल तर बहुतेक वेळा कोडमध्येच कोणीतरी ट्रिगर लिहिलेला असतो. जेक्वेरी लायब्ररीत व्हॅल आणि प्रॉप गप्प असतात, त्यांच्या मागे लावलेला ट्रिगर चेंज बोलतो. सिलेक्ट टू (ड्रॉपडाऊनची जेक्वेरी लायब्ररी) वापरणाऱ्यांना तो लावावाच लागतो, नाहीतर पडद्यावर जुनंच नाव दिसत राहतं, पण तिथे नुसतं चेंज न लिहिता चेंज डॉट सिलेक्ट टू लिहिलं की फक्त सिलेक्ट टू ला कळतं आणि तुमचे बाकीचे हँडलर चालत नाहीत. अँग्युलर या फ्रेमवर्कच्या रिॲक्टिव्ह फॉर्ममध्ये सेटव्हॅल्यू आणि पॅचव्हॅल्यूला इमिटइव्हेंट खोटं देता येतं, न दिलं तर ते खरंच धरलं जातं.

केळीबाग_रावेर
ताई, मला नेमकं हेच विचारायचं होतं. केळीच्या कटाईच्या गाड्यांचं पान आहे, वर "सगळ्या गाड्या निवडा" चा चेकबॉक्स. तो दाबला की खालच्या सगळ्यांवर टिक येते पण एकूण क्विंटलचा आकडा हलत नाही. मग प्रत्येक टिकेनंतर चेंज उडवू का?

धुळे_वेबवाली
नको दादा. शंभर गाड्या असल्या तर बेरीज शंभर वेळा होईल, आणि त्या चेंजमध्ये सर्व्हरला काही पाठवत असाल तर शंभर रिक्वेस्ट. बेरजेचं फंक्शन वेगळं काढा, सगळ्या टिका गपचूप लावा आणि शेवटी ते फंक्शन एकदाच बोलवा. एकेका गाडीच्या चेंजमधून पण तेच बोलवायचं.

केळीबाग_रावेर
झालं ताई. बठ्ठं समजनं.

अमळनेरकर_आबा
मंडळी, मी व्हीबी सिक्सच्या काळापासून हे बघतो आहे. तिथे चेकबॉक्सची व्हॅल्यू कोडने बदलली तर चक्क क्लिक इव्हेंट उडायचा, लिस्टबॉक्सचा लिस्टइंडेक्स बदलला तरी क्लिकच. डेल्फीमध्ये पण चेक्ड बदललं की ऑनक्लिक. त्यामुळे रावेरच्या भाऊंनी सांगितलं तसं "क्लिक घ्या" हे विनफॉर्म्सला लागू पडतं, दुसरीकडे उचलून नेऊ नका. खाली विंडोजमध्येसुद्धा एकसारखं नाही. बीएम सेटचेक (टिक लावायचा संदेश) पाठवलं तर पालक खिडकीला क्लिकचा निरोप जात नाही, सीबी सेटकरसेल (कॉम्बोची निवड बदलायचा संदेश) पाठवलं तर निवड बदलल्याचा जात नाही, पण एका ओळीच्या एडिट बॉक्सचा मजकूर बदलला तर ईएन चेंज (मजकूर बदलल्याचा निरोप) जातो. त्याच्यावर ज्याने जसं टूलकिट बांधलं तसा त्याने नियम ठेवला. जावाच्या स्विंगमध्ये बघा, चेकबॉक्सला सेटसिलेक्टेड केलं तर आयटमलिसनरला (लिसनर म्हणजे इव्हेंट ऐकणारा कोड) कळतं आणि ॲक्शनलिसनरला कळत नाही, पण कॉम्बोला सेटसिलेक्टेडआयटम केलं तर ॲक्शनलिसनरला पण कळतं. पाठ करून उपयोग नाही, नवं टूलकिट हातात आलं की एक छोटा फॉर्म करून स्वतः बघायचं.

पण पाचोऱ्याच्या भाऊ, तुमच्या बाबतीत मला इव्हेंटपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. समजा तुम्ही इव्हेंट शंभर टक्के गप्प केला, तरी पावतीची रक्कम कुठून येते? फॉर्मवरच्या खोक्यांतून मोजली जाते. मुनीमाने जुनी पावती उघडून टिक काढली आणि परत लावली तर तेव्हा इव्हेंट उडणं बरोबरच आहे, माणसानेच केलं आहे, पण रक्कम तरीही आजच्या भावाने बदलेल. भरलेली गाडी काट्यावर चढते तेव्हा आकडा वरखाली होतो, तेव्हा कोणी पावती फाडत नाही, आकडा थांबल्यावर वजन एकदाच लिहून घेतात. तुमचं सॉफ्टवेअर आकडा हलला की दर वेळी पावती फाडतं आहे.

माझं म्हणणं असं. पावती पक्की झाली त्या वेळचा भाव, ओलाव्याची टक्केवारी, कपात, हमाली, तोलाई आणि निव्वळ रक्कम हे सगळं त्या पावतीच्या ओळीतच साठवा. जुनी पावती उघडली की साठवलेलं दाखवा, मोजू नका. मोजायचं एक वेगळं फंक्शन करा, त्याला कंट्रोल माहीत नकोत, त्याला वजन, भाव आणि टक्केवारी द्या, ते रक्कम परत देईल. इव्हेंटने ते बोलवावं आणि उत्तर पडद्यावर दाखवावं, बस. सेव्ह फक्त सेव्हच्या बटणातून. आणि पक्क्या पावतीत बदल करायचाच असेल तर "दुरुस्ती" असं वेगळं बटण ठेवा, ते दाबेपर्यंत सगळे कंट्रोल बंद, आणि दुरुस्ती कोणी आणि कधी केली ते लिहिलं जावं. मग चुकून एखादा इव्हेंट उडालाच तर पडद्यावरचा आकडा क्षणभर हलेल, शेतकऱ्याचा पैसा हलणार नाही.

शिरपूरचा_अण्णा
आबा, तुमचं पूर्ण पटतं, पण मुनीम लोकांना सेव्ह दाबायची सवय नसते. गाड्यांची रांग लागलेली असते, मध्येच लाइट गेली की न सेव्ह केलेलं गेलं. त्या आधीच्या माणसाने इव्हेंटमध्ये सेव्ह टाकलं ते त्यासाठीच असेल.

अमळनेरकर_आबा
अण्णा, लाइटचं खरं आहे, आपल्याकडे तो विचार करावाच लागतो. मग कच्ची पावती वेगळ्या टेबलमध्ये सेव्ह होऊ द्या, पाहिजे तर दर बदलाला होऊ द्या, तिथे काही बिघडत नाही. पक्की मात्र बटणानेच.

शिरपूरचा_अण्णा
कच्चं-पक्कं वेगळं केलं तर हरकत नाही. तरी यादी भरताना इव्हेंट अडवायला तो आकडा लागेलच, तो काढू नको कपाशीवाल्या.

मुनीमगिरी_जामनेर
माझं सगळं एक्सेलमध्ये आहे, युजरफॉर्म करून. ॲप्लिकेशनचं एनेबलइव्हेंट्स खोटं केलं तरी फॉर्मवरच्या चेकबॉक्सचे इव्हेंट उडतातच, का?

भुसावळ_जंक्शन
एनेबलइव्हेंट्स एक्सेलच्या स्वतःच्या इव्हेंटला लागतं दादा, म्हणजे वर्कशीट चेंज वगैरे. युजरफॉर्मचे कंट्रोल त्याच्या ताब्यात नाहीत, तिथे आपलाच फ्लॅग. आणि ते खोटं करून मध्ये एरर आली तर परत खरं करेपर्यंत एक्सेल सगळ्या उघड्या फायलींसाठी गप्प राहतं, म्हणून ऑन एरर लावून परत खरं करायची सोय आधी करा. ॲक्सेसमध्ये हा त्रास कमी आहे, तिथे कोडने कंट्रोलची व्हॅल्यू भरली तर आफ्टरअपडेट उडत नाही.

मिरचीबाजार_नंदुरबार
अँड्रॉइडचं कोणी बोललं नाही म्हणून टाकतो. मिरचीच्या गाड्यांची यादी आहे, रिसायकलरव्ह्यूमध्ये, प्रत्येक ओळीत "उतरली" चा चेकबॉक्स. नुसतं वर-खाली सरकवलं तरी भलत्याच गाड्या "उतरली" होतात.

धुळे_वेबवाली
रिसायकलरव्ह्यू वर गेलेली ओळ खाली परत वापरतो ना. त्या ओळीवर अजून आधीच्या गाडीचा लिसनर बसलेला असतो, तुम्ही नवीन गाडीसाठी सेटचेक्ड करता आणि तो जुना लिसनर उडून आधीच्या गाडीची नोंद बदलतो. ओळ भरताना आधी सेटऑनचेक्डचेंजलिसनरला नल द्या, मग सेटचेक्ड, मग नवीन लिसनर. क्रम हाच पाहिजे. सीकबारला हा प्रश्न येत नाही, त्याच्या प्रोग्रेसच्या कॉलबॅकमध्ये फ्रॉमयुजर मिळतं.

मिरचीबाजार_नंदुरबार
चाललं ताई! स्पिनरला (अँड्रॉइडचा ड्रॉपडाऊन) पण हेच करू का? तिथे फ्लॅग लावून बघितला, काही फरक नाही.

धुळे_वेबवाली
स्पिनरला साधा फ्लॅग लागत नाही कारण ऑनआयटमसिलेक्टेड सेटसिलेक्शनच्या ओळीत उडत नाही, नंतर लेआउट झाल्यावर येतो, तोपर्यंत तुमचा फ्लॅग खोटा होऊन गेलेला असतो. तिथे शेवटची निवड व्हेरिएबलमध्ये लक्षात ठेवा, कोडने बदलताना ते आधी बदला, आणि कॉलबॅकमध्ये तीच निवड परत आली तर काही करू नका. उशिरा उडणाऱ्या कुठल्याही इव्हेंटला हीच पद्धत लावते मी.

कपाशीवाला_पाचोरा
सगळ्यांचे आभार. आबा, तुम्ही सांगितलं तसं केलं. मोजायचं फंक्शन वेगळं काढलं, भाव आणि ओलावा पावतीच्या ओळीत साठवले, कच्चं-पक्कं वेगळं केलं, दुरुस्तीचं बटण टाकलं. याद्या भरताना आकडा ठेवला आहे अण्णा. आता मागच्या-पुढच्या बटणाने कितीही फिरलं तरी रकमा हलत नाहीत. एकच राहिलं, आधी बिघडलेल्या पावत्या शोधायच्या कशा? टेबलमध्ये जुना भाव साठवलेलाच नव्हता, फक्त रक्कम होती, आणि तीच बदलली.

अमळनेरकर_आबा
पावती झाली तेव्हा शेतकऱ्याच्या खात्याला रक्कम जमा पडली असेल ना? ती खतावणी वेगळ्या टेबलमध्ये असेल आणि हा इव्हेंट तिला हात लावत नसेल, तर पावतीची रक्कम आणि खात्याची जमा या दोन्ही पावती नंबरवर जोडा आणि जिथे फरक पडतो त्या ओळी काढा. त्याच तुमच्या बिघडलेल्या. मग छापील पावतीची दुसरी प्रत जिनिंगच्या दप्तरात असते ती हातात घेऊन एकेक मिळवा, रक्कम थेट टेबलमध्ये बदलू नका, दुरुस्तीच्या बटणानेच करा म्हणजे नोंद राहील. आणि जोवर सगळ्या मिळत नाहीत तोवर त्या शेतकऱ्यांचा हिशोब कागदावरच्या रकमेनेच धरायला मालकाला सांगा.

कपाशीवाला_पाचोरा
खतावणी वेगळीच आहे आबा, तिला इव्हेंटचा हात लागलेला नाही. क्वेरी चालवली, फरकाच्या ओळी निघाल्या. उद्यापासून दप्तर घेऊन बसतो, मालकाशी बोलणं झालं, कागदावरचीच रक्कम धरायची ठरली.